फोनवर बाई चालते, हुकमाला चालत नाही

‘लष्कर हा आपला विषय नाही.’ हे वाक्य आमच्या संघटनेच्या बैठकांत मी इतक्यांदा ऐकलं आहे, की आता तोंडी वाद घालण्याऐवजी उत्तर लिहूनच द्यावं म्हणते. आपण युद्धाच्या विरोधात, बंदुकीच्या विरोधात; मग मुलींनी लष्करात अधिकारी व्हावं की होऊ नये यावर स्त्री-चळवळीने कशाला डोकं शिणवायचं, असा त्या वाक्यामागचा विचार. विचार प्रामाणिक आहे, हे मला मान्य आहे. पण त्याचा परिणाम काय होतो तेही पाहू या. आपण तोंड फिरवल्याने लष्कराचा एक तंबूही कमी होत नाही. कमी होतो तो त्या मुलीच्या बाजूने बोलणारा एक आवाज. मग तिच्याशी बोलायला उरतं कोण? झाशीच्या राणीच्या तसबिरीला हार घालून भाषण ठोकणारे पुढारी, आणि ‘एवढं शिकलीस, आता लग्नाचं बघू’ म्हणणारे नातेवाईक.

मी तुर्भ्यात राहते आणि तुर्भे स्टोअरच्या वस्तीत काम करते. एका अंगाला एमआयडीसी आणि डोंगर पोखरलेल्या दगडखाणी, दुसऱ्या अंगाला एपीएमसीचा बाजार, मधून ठाणे-बेलापूर रस्ता. इथले बाप कोणी खाणीत राबलेले, कोणी कारखान्यात कंत्राटावर, कोणी बाजारात माथाडी. आणि इथल्या बारावी झालेल्या, पदवी झालेल्या मुली? त्यांतल्या कितीतरी जणी कानाला हेडफोन लावतात. ऐरोलीच्या नाहीतर महाप्याच्या काचेच्या इमारतींत रात्रपाळीला बसतात. एकाचं म्हणणं ऐकायचं, दुसऱ्याला पोचवायचं, आवाज गोड ठेवायचा, शिवी आली तर गिळायची. निर्णय घेणारा साहेब वेगळा. ‘मी तुम्हाला वरिष्ठांशी जोडून देते’ हे वाक्य आमच्याकडची पोर एका रात्रीत पन्नासदा म्हणते.

लेख लष्कराचा आणि ही बाई कॉल सेंटरचं काय घेऊन बसली, असं कोणाला वाटेल. पण माझा मुद्दा तोच आहे. निरोप पोचवण्याच्या कामाला बाईला कोणी फारसं नाही म्हटलेलं नाही. त्या कामावर हुकूम चालवायला मात्र म्हटलं. हे जिथे अगदी उघड्यावर दिसतं ते ठिकाण म्हणजे लष्कराचं संदेशवहनाचं दळ, कोअर ऑफ सिग्नल्स.

१५ फेब्रुवारी १९११ ला हे दळ उभं राहिलं. टेलिफोनच्या तारा ओढणं, वायरलेस, उपग्रह, संगणकांची जाळी, सांकेतिक संदेश, शत्रूचं बोलणं पकडणं आणि आपलं झाकणं, अशी त्याची कामं. त्याच्या अधिकाऱ्यांचं तांत्रिक शिक्षण मध्य प्रदेशात महूला होतं. जवानांची प्रशिक्षण केंद्रं जबलपूरला आणि आपल्या शेजारी गोव्यात. ‘तीव्र चौकस’ हे त्यांचं ब्रीद. या कामाला खांद्याच्या रुंदीपेक्षा डोकं, कान आणि धीर जास्त लागतो. म्हणजे ‘बाईच्या अंगात तेवढी ताकद नाही’ हा जो ठेवणीतला मुद्दा आहे तो इथे सगळ्यात लंगडा पडायला हवा होता. सिग्नल्सवाल्यांनाही डोंगर चढावे लागतात, पाठीवर सेट घ्यावे लागतात, हे खरं आहे. पण टेकडीवरच्या वस्तीत दोन-दोन हंडे घेऊन चढणाऱ्या बायकांसमोर हे कोणी बोलू नये, एवढंच सांगते.

आणि बायका या कामात नव्या आहेत असंही नाही. पहिल्या महायुद्धात अमेरिकेने आपल्या सिग्नल कोअरसाठी दोनशेहून अधिक तरुणी टेलिफोन ऑपरेटर म्हणून युरोपात पाठवल्या. इंग्रजी आणि फ्रेंच दोन्ही बोलणाऱ्या, स्विचबोर्ड झरझर चालवणाऱ्या. त्यांनी शपथ घेतली, गणवेश घातला, आघाडीच्या लाइनी जोडल्या. लोक कौतुकाने त्यांना ‘हॅलो गर्ल्स’ म्हणत. युद्ध संपून त्या घरी आल्या तेव्हा सरकारने सांगितलं, तुम्ही सैनिक नव्हताच, पगारी नागरिक होतात. ‘माजी सैनिक’ हा हक्काचा शब्द मिळायला १९७७ साल उजाडलं. तोवर त्यांतल्या बहुतेक जणी वारल्या होत्या.

आपल्याकडे १९४२ मध्ये इंग्रजांनी विमेन्स ऑक्झिलरी कोअर काढली. टेलिफोन, वायरलेस, सांकेतिक लिपी, कारकुनी ही तिची कामं, आणि हजारो बायका त्यात होत्या. ऑक्झिलरी म्हणजे मदतनीस; नावातच पायरी दाखवून दिलेली. युद्धानंतर ती मोडीत निघाली. गंमत अशी, की त्याच १९४२ साली त्याच इंग्रजांच्या नाकाखाली मुंबईत बावीस वर्षांची उषा मेहता भूमिगत काँग्रेस रेडिओ चालवत होती. जागा बदलत, पोलिसांना चुकवत नोव्हेंबरपर्यंत तिने आणि तिच्या साथीदारांनी तो चालवला. पकडली गेल्यावर चौकशीत तोंड उघडलं नाही. चार वर्षांची शिक्षा झाली, येरवड्याला गेली. ती फक्त माईकसमोर बोलत नव्हती. पैसा, यंत्र, माणसं, बातम्या ही सगळी यंत्रणा हलती ठेवणाऱ्यांत ती होती. शाळेच्या पुस्तकात मात्र तिचा ‘आवाज’ तेवढा आला. सूत्रं हलवल्याचं श्रेय बाईला द्यायचं म्हटलं की आपल्या इतिहासाची लेखणी अडते.

मग स्वातंत्र्य आलं. २६ जानेवारी १९५० ला संविधान आलं. कलम १४, १५, १६ आपल्याला तोंडपाठ आहेत, प्रत्येक शिबिरात आपण ती समजावून सांगतो. त्याच वर्षी लष्कराचा कायदाही झाला. त्याचं कलम १२ म्हणतं, की सरकार ज्या विभागांसाठी अधिसूचना काढील ते सोडून कोणतीही स्त्री सैन्यात भरतीला पात्र नाही. म्हणजे नियम ‘नाही’चा, ‘हो’ हा अपवाद. डॉक्टर होत्या, नर्सेस होत्या. शुश्रूषा हे बाईचंच काम, तिला कशाला अडवतील!

हा अपवाद वाढायला बेचाळीस वर्षं लागली. जानेवारी १९९२ मध्ये अधिसूचना निघाली ती टपाल, कायदा, शिक्षण, शस्त्रसाठा, रसद अशा शाखांसाठी. त्याच वर्षाच्या शेवटी दुसरी निघाली आणि तीत सिग्नल्स आलं. मार्च १९९३ मध्ये तेव्हाच्या मद्रासच्या अकादमीतून पहिल्या पंचवीस मुली अधिकारी होऊन बाहेर पडल्या. किती वर्षांसाठी? पाच. पुढे दहा झाली, मग चौदा. आणि पेन्शनला किती लागतात? वीस. पुरुष अधिकाऱ्यालाही अशी मुदतीची नोकरी होती, पण त्याला पुढे कायम होण्याची वाट होती. बाईला नव्हती. ऐन उमेदीची चौदा वर्षं घ्यायची आणि चाळिशीच्या उंबऱ्यावर पेन्शनशिवाय घरी पाठवायचं. आमच्या एमआयडीसीत कंत्राटी बाईचे २४० दिवस भरत आले की तिला ‘ब्रेक’ देतात. कागद इंग्रजीत आणि शिक्का अशोकस्तंभाचा असला तरी हिशेब तोच होता.

याविरुद्ध २००३ मध्ये बबिता पुनिया या वकील बाईने दिल्ली उच्च न्यायालयात अर्ज केला. पुढे कितीतरी महिला अधिकारी स्वतः पुढे आल्या. १२ मार्च २०१० ला निकाल त्यांच्या बाजूने लागला. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. तिथे स्थगिती मिळाली नाही, तरी निकाल अमलात आणला नाही. शेवटी १७ फेब्रुवारी २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की सिग्नल्ससह या शाखांतल्या स्त्रियांना कायम कमिशन द्या, आणि त्यांना कमांड द्यायचीच नाही ही सरसकट बंदी चालणार नाही.

या खटल्यात सरकारतर्फे जे मांडलं गेलं ते आपण प्रत्येकीने वाचायला हवं. बाळंतपण आणि घरच्या जबाबदाऱ्या हे तर होतंच. शिवाय असं, की जवान मुख्यतः ग्रामीण भागातून येतात, आणि बाईच्या हुकमाखाली काम करायची त्यांच्या मनाची अजून तयारी झालेली नाही.

ग्रामीण भागातले जवान म्हणजे कोण हो? आमच्या तुर्भ्याच्या माथाड्यांत निम्मे लोक सातारा-सांगलीकडचे. सातारच्या बाजूला अपशिंगे नावाचं गाव आहे, त्याला लोक अपशिंगे मिलिटरीच म्हणतात, इतकी घरं तिथली सैन्यात. हे जवान आपलेच भाऊ, चुलते, मामा. १९९३ पासून यांच्या गावात बाई सरपंच आहे. महाराष्ट्रात २०११ पासून पंचायतीत निम्म्या जागा बायकांच्या आहेत. यांना तलाठी बाई आहे, तहसीलदार बाई आहे, पोलीस स्टेशनात फौजदार बाई आहे. हो, सरपंचपती नावाचा प्राणी मला ठाऊक आहे. पण युनिटवर येऊन बायकोऐवजी सही करणारा ‘कर्नलपती’ लष्करात चालणार नाही, ही तिथली सोयच म्हणायची.

आमच्या वस्तीत एक निवृत्त हवालदार राहतात. सिग्नल्समध्येच होते, तारा ओढण्यात उमेद घालवली. त्यांच्या पुतणीने अधिकारी व्हायचं काढलं तेव्हा ते माझ्यासमोर म्हणाले, ‘‘बाईमाणसाला सॅल्यूट कोन मारंल?’’ पुतणी म्हणाली, ‘‘काका, तुम्हीच सांगितलंय, सॅल्यूट माणसाला नसतो, रँकला असतो.’’ ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, ‘‘रँक असंल तर मारावाच लागतोय की.’’ म्हणजे ग्रामीण भागातल्या जवानाचं मन वळायला पाच मिनिटं पुरली. अडाणीपणाचा आळ खेड्यातल्या माणसावर घालून आपली गादी सांभाळायची ही शहाण्यांची जुनी रीत आहे, आणि ती फक्त लष्करातच चालते असं नाही.

निकाल लागला म्हणून संपलं असं समजू नका. अंमलबजावणीच्या वेळी लष्कराने शारीरिक क्षमतेची अशी अट लावली, की पुरुष अधिकारी जी कसोटी पंचविशी-तिशीत कायम होताना देतात ती या बायकांना चाळिशी-पंचेचाळिशीत द्यायला लावली. त्यांचे जुने गोपनीय अहवाल काढले. ते कधी लिहिलेले? जेव्हा लिहिणाऱ्या साहेबाला ठाऊक होतं की ही बाई कायम होणारच नाही, मग चांगले गुण कायम होणाऱ्या पुरुषाला दिलेले बरे. पुन्हा कोर्ट. २५ मार्च २०२१ ला लेफ्टनंट कर्नल नितिशा यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की वरून सर्वांना सारखा दिसणारा नियमसुद्धा भेदभाव करू शकतो. मैत्रिणींनो, हे वाक्य आपण पस्तीस-चाळीस वर्षं पथनाट्यांतून सांगत आलो. ते देशाच्या सर्वोच्च न्यायालयाकडून वदवून घेतलं ते या गणवेशातल्या बायकांनी. आपल्यातल्या किती जणींनी त्या निकालावर एखादी सभा घेतली? आपल्या पत्रकांत तरी त्याचा उल्लेख झाला का?

ऑगस्ट २०२१ मध्ये सिग्नल्समधल्या एका महिला अधिकाऱ्याची कर्नलपदासाठी निवड मंजूर झाली. या दळात हे पहिल्यांदाच घडत होतं. पण ती बढती सव्वीस वर्षं नोकरी झाल्यावर मिळणारी, वयोमानाची. गुणवत्तेवर निवडून कमांड देण्यासाठीचं मंडळ २०२३ च्या जानेवारीत बसलं. १०८ जागांसाठी २४४ स्त्रियांचा विचार झाला. त्यांत १९९२ च्या तुकडीपासूनच्या बायका होत्या. तीस वर्षं थांबलेल्या. त्याबद्दलही तक्रारी झाल्या आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये न्यायालयाला लष्कराची पुन्हा कानउघाडणी करावी लागली.

या सगळ्या काळातली एक गोष्ट आपल्या पुण्यात घडलेली आहे. मार्च २०१६ मध्ये औंधच्या लष्करी तळावर अठरा देशांच्या सैन्यांचा एकत्र सराव झाला. भारताच्या तुकडीचं नेतृत्व सिग्नल्सच्या लेफ्टनंट कर्नल सोफिया कुरेशी यांच्याकडे होतं. अठरा देशांत त्या एकट्या बाई कमांडर. तेव्हा अभिमानाने फोटो छापून आले. आणि त्याच वेळी दिल्लीत सरकारचं अपील पडून होतं, की बायकांना कायम करू नका. पाहुण्यांसमोर मिरवायला सून चालते, घराच्या उताऱ्यावर तिचं नाव नको.

पुढचं तुम्ही टीव्हीवर पाहिलंत. ७ मे २०२५ ला त्याच, आता कर्नल झालेल्या कुरेशी आणि हवाई दलाच्या व्योमिका सिंग पत्रकारांसमोर आल्या. कारवाईला नाव दिलेलं कुंकवाचं. त्यावर एक वेगळा लेख होईल. देशभर जयजयकार झाला. आठवडा उलटायच्या आत मध्य प्रदेशच्या एका मंत्र्याने जाहीर सभेत कर्नल कुरेशींच्या धर्मावरून असं काही म्हटलं, की तिथल्या उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन गुन्हा नोंदवायला लावला. तीस-पस्तीस वर्षं आपण सांगतोय, बाईची जात आणि धर्म तिच्या पदापेक्षा आधी मोजले जातात. खांद्यावरची पदचिन्हंही त्यातून सुटत नाहीत. मग हा आपला विषय नाही कसा?

आता तुर्भ्याकडे येते, कारण कोर्टाच्या निकालाची झळ किंवा ऊब इथपर्यंत पोचायला बरीच दारं ओलांडावी लागतात.

आमच्याकडचा दहावी-बारावी झालेला मुलगा सिग्नल्समध्ये जवान म्हणून भरती होऊ शकतो. मुलगी? जवानांच्या भरतीचं दार मुलींना उघडलं ते २०१९ मध्ये, आणि तेही मिलिटरी पोलिसांचं, १०० जागांचं. सिग्नल्समध्ये शिरायचं तर तिने थेट अधिकारीच व्हायला हवं, म्हणजे इंजिनियरिंगची किंवा निदान दुसरी कुठली पदवी हवी. माथाड्याच्या पोराला जिथे खालच्या पायरीवरून चढता येतं तिथे पोरीसाठी खालची पायरीच बांधलेली नाही. तरी ती चढली, पदवी घेतली, तर पुढे काय? २०२४ साली इंजिनियर मुलामुलींसाठी निघालेल्या भरतीच्या जाहिरातीत पुरुषांना ३५० जागा, स्त्रियांना २९. ऑगस्ट २०२५ मध्ये लष्कराच्या कायदा शाखेतल्या अशाच विषम जागांबद्दल सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की बायकांच्या जागांना असं झाकण घालता येणार नाही, गुणवत्तेनेच भरा. तो निकाल कायदा शाखेपुरता. २९ आणि ३५० चा हिशेब कोणी विचारायचा?

तयारीचं बघा. सातारची सैनिक शाळा १९६१ ची, देशातली पहिली. मुलींना तिथे प्रवेश २०२१ मध्ये. मुलांना एनडीएसाठी तयार करणारी राज्य सरकारची संस्था औरंगाबादला १९७७ मध्ये सुरू झाली. मुलींसाठी तशी संस्था नाशिकला निघाली २०२३ मध्ये. खडकवासल्याची एनडीए आपल्याच मातीत, १९५५ पासून. मुली तिथे गेल्या २०२२ मध्ये, न्यायालयाने आदेश दिल्यावर, एकोणीस. त्यांतल्या सतरा जणी ३० मे २०२५ ला उत्तीर्ण होऊन बाहेर पडल्या. कासार आंबोलीची राणी लक्ष्मीबाई मुलींची सैनिकी शाळा १९९७ पासून होती हे खरं. पण तिथे शिकून जायचं कुठे, याचं उत्तर मात्र पंचवीस वर्षं अडलेलं.

एक अट तर मला जाहिरातीत वाचून चीड आली. पदवीधर मुलींच्या सीडीएस परीक्षेला कोण बसू शकतं? अविवाहित मुली, मूल नसलेल्या आणि पुन्हा लग्न न केलेल्या विधवा, मूल नसलेल्या, हातात घटस्फोटाचा कागद असलेल्या घटस्फोटिता. टाकलेली बाई, जिच्याकडे कागदच नाही, ती बाद. जिला एक लेकरू आहे ती बाद. परित्यक्तांच्या प्रश्नावर ऐंशीच्या दशकापासून परिषदा घेणाऱ्या आपण, आपल्याला ही ओळ कधी दिसली नाही, कारण ‘तो आपला विषय नाही’.

सैनिकाच्या विधवेला मात्र वेगळी वाट आहे, वयातही सूट आहे. साताऱ्याच्या स्वाती महाडिक यांचे पती कर्नल संतोष महाडिक नोव्हेंबर २०१५ मध्ये काश्मिरात मारले गेले. दोन मुलांची ही आई जिद्दीने परीक्षा देऊन चेन्नईला शिकली आणि सप्टेंबर २०१७ मध्ये लेफ्टनंट झाली. त्यांच्या हिमतीला माझा नमस्कार आहे. प्रश्न त्यांना नाही, टाळ्या वाजवणाऱ्यांना आहे. नवऱ्याच्या मागे गणवेश घातला की वीरपत्नी. आणि माथाड्याची अविवाहित पोर स्वतःच्या मनाने तोच गणवेश मागते तेव्हा ‘हिला कशाला नसते उद्योग’? दोन मुलांची आई कठीण प्रशिक्षण पुरं करू शकते हे लष्कराने स्वतःच मान्य केलं आहे, तर तुर्भ्याच्या लेकुरवाळ्या पदवीधर विधवेला परीक्षेच्या दारातच का अडवायचं?

आता आपल्यातल्या आक्षेपांकडे. आमच्या बैठकीत वर सांगितलेल्या पुतणीचा अर्ज आला होता. ती इलेक्ट्रॉनिक्सची इंजिनियर आहे, ऐरोलीला रात्रपाळी करते. भोपाळला पाच दिवसांची निवड चाचणी असते. पहिल्यांदा जाणाऱ्याला गाडीभाडं लष्कर देतं, हे आमच्यातल्या कोणालाच माहीत नव्हतं, तिनेच सांगितलं. तिला हवे होते ते तयारीसाठी दोन महिने बिनपगारी सुटीचे पैसे, तेही उसने. घर तिच्या पगारावर चालतं. पहाटे पाचला ती बाजाराच्या बाजूने ट्रक चुकवत धावते, कारण मैदान मुलांच्या क्रिकेटचं. ज्या कॉलेजात ती शिकली तिथे एनसीसी होती, पण मुलींचं नाव घ्यायचं नाही असा अलिखित नियम.

एक मैत्रीण म्हणाली, कुनान पोश्पोरा विसरलीस का? मणिपूरच्या आया २००४ मध्ये कांगला किल्ल्यासमोर कशा उभ्या राहिल्या ते विसरलीस? नाही विसरले. त्या बायकांची बाजू सोडून लष्कराची आरती करा असं मी म्हणत नाही. बायका गेल्याने लष्कर मवाळ होईल असंही मला वाटत नाही. पण आठवून पाहा, महाराष्ट्रात आपली चळवळ उभी राहिली ती मथुरेच्या प्रकरणावरून. १९७२ मध्ये देसाईगंजच्या पोलीस चौकीत, पोलिसांनीच. त्यानंतर आपण काय म्हटलं? पोलीस हा आपला विषय नाही, असं म्हटलं? आपण कायदा बदलायला लावला, चौकीत बाई पोलीस हवी म्हणून मोर्चे काढले. जिथे सत्ता आहे तिथे हिशेब मागायचा आणि जागाही मागायची, ही आपली रीत होती. लष्कराच्या दाराशीच आपण सोवळ्यात का जातो?

दुसरी म्हणाली, आपला निधी मार खाणाऱ्या, घराबाहेर काढलेल्या बायकांसाठी आहे; इंजिनियर मुलीला कशाला? हा आक्षेप मला जास्त बोचला, कारण पैसे खरंच थोडे आहेत. त्यासाठी मी संकट निधीला हात लावू नका म्हटलं, शिक्षणासाठी बाजूला ठेवलेले पैसे उसने द्या म्हटलं. पण त्यामागे जो सूर आहे, की बाई मार खाऊन आली तर आपली आणि हुकूम द्यायला निघाली तर परकी, तो मला मान्य नाही. आपण फक्त जखमेला हळद लावणाऱ्या झालो आहोत का?

आणखी एक. उद्या ती लेफ्टनंट झाली, कुठल्याशा छावणीत एकटी बाई असली, आणि वरिष्ठाने त्रास दिला, तर ती कोणाला फोन करील? १९९७ च्या विशाखा निकालापासून २०१३ च्या कायद्यापर्यंत जे आपण कमावलं ते तिला कोण समजावील? देशभक्तीची भाषणं ठोकणारे तेव्हा ‘दलाची बदनामी’ म्हणतील. तिच्या वहीत आपला नंबर असायला हवा, आणि तो आज, ती तुर्भ्यात असतानाच लिहिलेला हवा.

म्हणून संघटनांना माझं मागणं असं आहे. भरतीच्या जाहिरातींत स्त्री-पुरुष जागा वेगळ्या का, आणि लेकुरवाळीला बंदी का, यावर आपण सगळ्यांनी मिळून संरक्षण मंत्रालयाला आणि आपापल्या खासदाराला लिहायचं. निवेदनाचा मसुदा आम्ही करतो आहोत. आपल्या भागात कोणत्या कॉलेजात मुलींना एनसीसी आहे, कुठे नाकारली जाते, कोणतं मैदान पहाटे मुलींना मिळू शकतं, याची माहिती गटागटाने गोळा करायची. नाशिकच्या मुलींच्या संस्थेत दहावीनंतर प्रवेश असतो. आपल्या वस्तीतल्या दहावीच्या मुलींच्या आयांना ते माहीतच नसतं. त्यांच्या बैठका परीक्षेच्या आधी घ्यायच्या, निकालानंतर उशीर होतो. निवृत्त जवान शोधायचे, माझ्या ओळखीच्या हवालदारांसारखे. ते धावायला शिकवतात, आणि रोज एक-दोन मुलींकडून स्वतःही काही शिकतात.

ज्या गटांकडे अशी माहिती तयार आहे त्यांनी ती या मासिकाच्या पत्त्यावर पाठवावी. पुढच्या अंकाच्या आत हाती आली, तर तिचं चार पानी पत्रक छापून नवी मुंबईतल्या वस्त्यांत वाटण्याची जबाबदारी तुर्भ्याचा गट घेईल.